वळणावरच्या शेंदरी

संशोधन केंद्रात तिला सगळे मध्यस्थबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं जिना उतरायच्या आत तिच्या कानांवर येऊन पोचलेलं असायचं. माशांची लग्नं जमवता जमवता हिची उमर गेली आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं, असा त्यातला विनोद. रसायन विभागातल्या एका टकल्या सहकाऱ्याने तो पहिल्यांदा केला होता. पुढे टकल्या निवृत्त झाला, विनोद मात्र नोकरीतच राहिला.

काम तिचं खरंच तसलं होतं. केंद्राच्या खिडकीतून दिसणाऱ्या तलावात शेंदरी नावाचा मासा होता. एरवी राखाडी, नजरेत न भरणारा. वीण जवळ आली की माद्यांचं पोट असं लालभडक व्हायचं की पाण्याच्या वरूनही दिसावं. तिच्या लहानपणी शेंदरीच्या मोसमात काठावरची माणसं दुसरं काही धरायचीच नाहीत. आता अख्ख्या मोसमात जाळ्यात चार-दोन आल्या तर नशीब. कुणी म्हणे पाणी बिघडलं, कुणी म्हणे जाळ्यांची भोकं बारीक झाली. दोन्ही खरं होतं. तिला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. उरल्या आहेत त्या तरी का वाढत नाहीत?

त्या कोड्यापायी उमेदीची सगळी वर्षं गेली. काचेच्या टाक्या, रबरी नळ्या, बाराही महिने ओले राहणारे हात. दोन तोंडांची एक पन्हळ तिने करून घेतली होती. एका तोंडातून साधं पाणी यायचं, दुसऱ्यातून पिकल्या मादीच्या टाकीतलं, आणि मध्ये सोडलेला नर कुठल्या बाजूला वळतो ते ती टिपत बसायची. नराच्या नाकाशी केसाएवढी तार लावून वास कळला की नाही तेही तपासायची. "माशाच्या नाकात नाक खुपसून बसलीय," हेही टकल्याचंच.

नाक खुपसल्याचं फळ मिळालं. मादीची अंडी पिकली की ती पाण्यात एक द्रव्य सोडते. डोळ्यांना दिसत नाही, माणसाच्या नाकाला कळत नाही. नराला मात्र हौदभर पाण्यात त्याचा कण पुरतो. त्या वासाने त्याच्या अंगात बीज भरतं आणि माग काढत तो मादीपाशी येतो. वासच पोचला नाही तर दोघं एकाच पाण्यात जन्म काढतील आणि एकमेकांना ओळखणारही नाहीत. तलाव अवाढव्य, माद्या मोजक्या. निरोप वाटेतच विरून जायचा आणि अंडी पोटातल्या पोटात जिरून जायची.

ते द्रव्य तिने ओळखलं, मग रसायनवाल्यांच्या मागे लागून ते तयार करून घेतलं आणि मेणासारख्या गोळ्यांमध्ये कोंडलं. गोळी पाण्यात टांगली की वास थोडा थोडा झिरपत राहायचा. टाकीतले नर त्या गोळीला मादी समजून अंग घासत. पाहणाऱ्यांना हसू यायचं. तिला नाही यायचं.

तिचं घरही तलावाच्याच काठावरचं, समोरच्या बाजूचं. वडील मासेमार. ती थोरली, तिच्या पाठीवर एक भाऊ. वडील अचानक गेले तेव्हा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि भाऊ शाळेत होता. होडी कुणीतरी धरायलाच हवी होती. "मी धरतो," भाऊ म्हणाला आणि दप्तर खुंटीला लावलं. त्याबद्दल तो पुढे कधी एका अक्षराने बोलला नाही. बोलायची ती आई. लेकीचं नाव पेपरात छापून आलं तरी आईचं एकच, "त्या पोराने वल्ही मारली म्हणून तू पुस्तकं उलटलीस." ती ऐकून घ्यायची. त्यात खोटं काय होतं?

आता भाऊ काठावरच्या होड्यांचा मुकादम होता. तलावातल्या मासेमारीचा ठेका त्याच्याकडे, पंचवीस-तीस घरं त्याच्या शब्दावर चालायची. पण गेली दोन वर्षं जाळी हलकी येत होती. होड्यांवर घुमणारा त्याचा आवाज हल्ली घरातच जास्त चढायचा.

तलावाच्या उत्तरेला लव्हाळ्यांनी वेढलेलं एक वळण होतं. पाणी कमरेएवढं, तळाशी स्वच्छ वाळू. जुन्या काळी शेंदरी तिथेच अंडी घालायच्या. गोळ्या तिथे टांगायच्या असं ठरलं. संचालकांनी होकार दिला. मत्स्य खात्याने मोसमभर त्या वळणात जाळं टाकायला बंदी घातली, कागदावर शिक्का उमटला.

"राखणदार?" तिने खात्यातल्या अधिकाऱ्याला विचारलं.

"राखणदाराचं बघू की," तो म्हणाला. ते बघायचं राहून गेलं.

केंद्राच्या होडीवाल्याला घेऊन ती रोज सकाळी वळणात जायची. पहिले काही दिवस पाणी नुसतं पाणी. होडीवाला विड्या ओढत बसायचा, ती दुर्बीण डोळ्यांना लावून. मग एका सकाळी लव्हाळी हलली. वारा नव्हता. आधी नर आले, पाच-सहा, मग झुंडीने. नर जमले तसा त्यांच्या अंगचा वास पाण्यात मिसळला आणि त्या वासाला माद्या आल्या. होडीच्या खालून लाल पोटं सरकू लागली. एक, मग दुसरी, मग मोजणं सोडून द्यावं इतक्या. अख्ख्या तलावात दूर दूर विखुरलेल्या, कुणाचा कुणाला पत्ता नसलेल्या सगळ्या जणू आवतण मिळाल्यासारख्या एका जागी गोळा झाल्या होत्या.

होडीवाल्याने विडी विझवली. ती खोकला दाबून बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिने हात उचलला नाही, सावली पाण्यावर पडेल म्हणून.

त्या संध्याकाळी केंद्राच्या वसाहतीतल्या खोलीवर न जाता ती घरी गेली. आईने ताटं मांडली, भाऊ आणि ती शेजारी शेजारी बसली, भावजय वाढत होती.

"शेंदरी आल्यात," ती म्हणाली. तिला घास गिळेपर्यंतही दम निघाला नाही.

"किती?" भावाने विचारलं.

"मोजता येत नाहीत."

भावजयीचा हात ताटावर थांबला. "ताई, थट्टा तर नाही ना करत?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. म्हणूनच आलेय मी." ती भावाकडे वळली. "अजून अंडी घातलेली नाहीत त्यांनी. थोडेच दिवस लागतील, पण तोवर एकही होडी तिकडे फिरकायला नको. खात्याचा शिक्का आहे, राखणदार नाही. पण तुझं ऐकतात सगळे. उत्तरेच्या वळणाकडे कुणाला जाऊ देऊ नकोस."

"लव्हाळ्यांच्या आत?"

"हो, पार आत. वाळू आहे ना, तिथे."

भावाने भाकरीचा तुकडा हातातच धरला. वास किती लांब जातो, गोळी किती दिवस टिकते, एकदा आलेला मासा पुन्हा निघून जातो का, असं एकेक त्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्या कामाबद्दल कधी तोंडदेखलंही काही विचारलं नव्हतं. तिला भरून आलं. हातचं काही न राखता तिने सगळं सांगितलं. अंडी घालेपर्यंत मासा भुकेपायीही जागचा हलत नाही, हेसुद्धा.

"नको काळजी करूस, ताई," हात धुता धुता भाऊ म्हणाला. "मी बघतो."

"दोघं भावंडं अशी बोलताना किती वर्षांनी पाहिली," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बैठक होती, ती संध्याकाळपर्यंत लांबली. त्यानंतरच्या सकाळी ती वळणात गेली तेव्हा लव्हाळी आडवी झोपली होती. माणसं पाण्यात उतरून चालल्याचं दिसत होतं. वाळू ढवळून पाणी गढूळ झालं होतं. गोळ्यांचे दोर कापून काठावर ठेवले होते, नीट गुंडाळी करून, जसा कामाचा माणूस दुसऱ्याचं सामान बाजूला ठेवतो तसे. लव्हाळ्यांच्या पात्यांना खवले चिकटले होते.

होडीवाल्याने दोर उचलून होडीत ठेवले. मग म्हणाला, "बाजारात बघून येऊ, बाई."

लिलावाच्या शेडमध्ये इतकी गर्दी तिने लहानपणानंतर पाहिली नव्हती. बर्फाच्या पेट्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीत लाल पोटं. अंडी इतकी पिकली होती की नुसत्या वजनाने बाहेर येत होती. ओल्या फरशीवर त्यांचा थर बसला होता, बुटांच्या तळव्यांना चिकटून शेडभर पसरत होता. माणसं हसत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. त्यांतल्या कित्येकांना ती नावाने ओळखत होती. एकजण तर तिला पाहून हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे!" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

भाऊ काट्यापाशी उभा होता. तिला पाहून त्याने नजर चुकवली नाही. ती चुकवली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी बघतो म्हणालास तू."

"बघितलं. डोळ्यांवर विश्वास बसेना."

"थोडं थांबला असतास रे! अंडी घालून झाल्यावर धरल्या असत्यास तरी मी काही बोलले नसते. दोन-तीन वर्षांत तलाव पुन्हा भरला असता."

"दोन-तीन वर्षांत!" तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "ताई, तुला पहिल्या तारखेला पगार मिळतो, तू दोन-तीन वर्षांचं बोलू शकतेस. ही माणसं रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहतात. त्यांना काय सांगू, माशांचं लग्न लागायचंय, थांबा? आणि मी नसत्या धरल्या तर पलीकडच्या काठाने धरल्या असत्या."

"त्यांना ठाऊकच नव्हतं. फक्त तुला ठाऊक होतं. मी सांगितलं म्हणून."

काट्यावर पेटी चढली, उतरली.

"तू रागावशील," तो हळू आवाजात म्हणाला, "पण खरं सांगू? एवढ्या वर्षांत तुझं शिक्षण पहिल्यांदा घरच्या कामी आलं बघ."

तो हे डिवचायला बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीने ते कौतुक होतं, कदाचित आयुष्यातलं पहिलं. मागे वळून त्याने पेटीवाल्याला हाक मारली, "ताईसाठी दोन चांगल्या काढ रे बाजूला!"

ती तिथून निघाली ती थेट मत्स्य खात्यात गेली. ज्याने शिक्का मारला होता तोच अधिकारी समोर होता. तिने सगळं सांगितलं, भावाचं नाव घेऊन सांगितलं. घेताना जीभ अडखळली, पण घेतलं. अधिकारी मान डोलावत लिहून घेत होता. मध्येच थांबला.

"पण मासे तिथे जमलेत हे त्यांना कळलं कसं?"

"मी सांगितलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

"होड्या तिकडे जाऊ नयेत म्हणून सांगितलं."

"म्हणजे बंदीच्या जागेची माहिती तुम्हीच बाहेर दिलीत," तो म्हणाला. इतका वेळ त्याच्या चेहऱ्यावर असलेली चिंता हलकी झाल्यासारखी तिला दिसली. दोरीचं टोक सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा.

चौकशी झाली. वळणात बंदीची पाटी नव्हती, राखणदार नव्हता, बंदीचा कागद खात्याच्या कपाटातून बाहेरच आला नव्हता. तेव्हा मासेमारांना दोष कसा द्यायचा? भावाला समज देऊन सोडलं. ठेका त्याच्याकडेच राहिला. मेमो आला तो तिला: गोपनीय माहिती नातेवाइकांना पुरवल्याबद्दल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं लोक म्हणतात. इथे मारुतीच्या शेपटीला आगही तिच्याच हाताने लागली होती.

तक्रार केली ही गोष्ट काठावर पसरायला वेळ लागला नाही. शेडमध्ये हात जोडणारा माणूस रस्त्यात भेटला तर मान वळवू लागला. आईने फोन केला. "भावाला तुरुंगात घालायला निघाली होतीस?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला.

संचालकांनी बोलावून घेतलं. चहा मागवला. ते सज्जन गृहस्थ होते, कधी कुणाला वाईट बोलत नसत.

"मेमोचं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "कागदाला कागदाने उत्तर देता येतं. मला दुसरंच सुचतंय. शेडमध्ये किती मासा उतरला त्याचे आकडे मिळतील का?"

"कशाला, सर?"

"अहो, अख्ख्या तलावातला मासा एका जागी ओढला गेला! तुमचं द्रव्य काम करतं याला याहून मोठा पुरावा कुठला?"

"तो पुरावा लोकांनी खाल्ला, सर," ती म्हणाली.

संचालक हसले. ती हसली नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चहाचा कप उचलला.

आकडे संचालकांनी परस्पर मिळवले. लेख छापून आला, दोघांच्या नावाने, नाव अर्थात त्यांचं आधी. लांबलांबून पत्रं आली. कुठे कुठे परक्या माशांनी तलाव व्यापले होते, नको असलेला तो मासा असाच वासाने गोळा करून संपवता येईल का, अशी विचारणा. केंद्रात नवा विभाग निघाला. प्रमुख म्हणून तिचं नाव सुचवताना संचालकांनी सहज सांगितलं की, शेंदरीच्या टाक्यांचा खर्च यापुढे याच विभागातून निघेल. दुसरा मार्ग नव्हता. टाक्यांमध्ये अजून शेंदरी होत्या, त्या उपाशी मारायच्या की विभाग घ्यायचा? तिने विभाग घेतला. माशांना भेटवण्याचं शास्त्र आता तेच, तसंच, त्यांना संपवण्यासाठी लागू करायचं होतं. हात तेच, टाक्या त्याच, पन्हळही तीच.

पुढच्या मोसमात कुणाला न विचारता तिने वळणात गोळ्या टांगल्या. लव्हाळी पुन्हा उभी राहिली होती. ती रोज जाऊन बसली. एके दिवशी एक नर आला. एकच. तो गोळीभोवती फिरू लागला, तिला अंग घासू लागला, बाजूला जाऊन पुन्हा परत येऊ लागला. दुसऱ्या दिवशीही तोच, गोळीपाशी. तिसऱ्या दिवशी त्याची कल्ल्यामागची बाजू सोलवटली होती, घासून घासून. माद्या आल्या नाहीत. यायला त्या होत्याच कुठे! तिने बाह्या सरसावल्या, पाण्यात हात घालून एकेक गोळी सोडवली आणि डब्यात बंद केली. नर तरीही त्या जागेवर घिरट्या घालत राहिला. वास पाण्यातून जायला वेळ लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी आई केंद्राच्या वसाहतीत आली. एकटी, बस बदलून, धापा टाकत. आईला पाहून ती दारातच थबकली. आईने आत येऊन पाणी मागितलं, पंख्याखाली बसली, खोलीवरून नजर फिरवली.

"बारीक झालीस," आई म्हणाली.

"तूही."

चहा झाला. आई घरचं काहीबाही सांगत राहिली: भावजयीचं गुडघ्याचं दुखणं, छपराची गळती, दोन होड्या विकल्या गेल्या ते. शेंदरीचं नाव तिने काढलं नाही. भावाचंही बराच वेळ काढलं नाही. मग कपाची कड पदराने पुसत पुसत म्हणाली, "त्याला आता काहीच मिळेनासं झालंय. जाळं टाकतो नि चिखल ओढून आणतो. माणसं दुसरीकडे चाललीत."

तिने आपला कप उचलून बाजूला ठेवला.

"तो म्हणत होता, ते तुझं औषध आहे ना, त्यातली एक बाटली मिळाली तर..."

"आई, शेंदरी संपल्या."

"शेंदरीचं कोण म्हणतंय? दुसरे मासे आहेतच की तलावात."

"एका माशाचा वास दुसऱ्याला कळत नाही."

"मग दुसऱ्याचा शोध ना," आई म्हणाली. शेजारणीकडून विरजण मागून आण म्हणावं, इतक्या साधेपणाने. "तुला काय, येतंच ते. त्याच्यासाठी नको करूस हवं तर. माझ्यासाठी कर."

तिला संताप यायला हवा होता. तिने वाट पाहिली, आला नाही. समोर एक थकलेली म्हातारी बसली होती, पायांत ओल्या चपला, आणि तिच्या दोन पोरांपैकी एकाच्या घरी चूल विझत आली होती. आईचं गणित इतकं सरळ होतं की त्यात चूक दाखवायला जागाच नव्हती.

"नाही करणार," ती म्हणाली.

"तो तुझा पाठचा आहे."

"हो."

"त्याने तुझ्यासाठी शाळा सोडली."

"हो, आई. ठाऊक आहे. नाही करणार."

आई उठली. पिशवी काखोटीला मारली. ती आईला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. वाटेत एका खड्ड्यापाशी तिने आईचा दंड धरला आणि आईने तो धरू दिला. बस आली. आई खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. बस हलली तेव्हा काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. "काय?" म्हणून ती चार पावलं बसबरोबर धावली. आईने हात हलवला. जा असा, की राहू दे असा, ते तिला कळलं नाही.

परत येऊन तिने टाक्यांचं पाणी बदललं. टाकीतल्या माद्यांची पोटं लाल होऊ लागली होती. नर काचेच्या पलीकडच्या टाकीत होते. माद्यांचा वास नरांकडे नेणारी मधली नळी तिने अजून उघडली नव्हती. पिल्लं झाली तरी ती सोडायची कुठे, हे विचारणारा अर्ज खात्यात पडून होता, आणि तलावाचा ठेका तिच्या भावाकडे होता.